पायाचं काय चुकलं?

परवा भाचीच्या लग्नाच्या खरेदीसाठी वहिनी भंडाऱ्याहून नागपूरला आल्या. शालू झाला, देण्याघेण्याच्या साड्या झाल्या, पण वहिनींच्या चपलेसाठी आम्ही बर्डीवर अख्खी संध्याकाळ घालवली. एका दुकानात पाच नंबर छान बसला, पण रंग नको होता. शेजारच्या दुकानात पाच नंबरमधून टाच बाहेर. तिसऱ्या दुकानात तर सहा नंबरही बोटांवर आवळला. तिथला पोरगा म्हणाला, "अवो काकू, तुमचा पायच रुंद आहे. जेन्ट्समधी पाहून घ्या!"

वहिनींनी पाय चटकन साडीखाली घेतला. "जाऊ द्या ना ताई, माझा पायच तसा आहे," म्हणाल्या. मला मात्र राग आला. चप्पल बसली नाही, तर चूक पायाची कशी?

मैत्रिणींनो, हा नंबर म्हणजे काय ते एकदा समजून घेऊ या. आपल्याकडचा पाच-सहा नंबर इंग्रजांकडून आलेला. जुन्या काळी तिकडे जवाच्या दाण्यावरून लांबी मोजायचे. तीन दाणे म्हणजे एक इंच. म्हणून आजही दोन नंबरांमध्ये पाव नव्हे, अर्धा नव्हे, तर एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. ३७, ३८ हे युरोपचे नंबर. त्यांच्यात फरक सुमारे ६.७ मिलिमीटरचा. मग ३८ म्हणजे नक्की पाच की साडेपाच, याचा मेळ बसायचा कसा?

त्यातही गंमत अशी, की हा नंबर मुळात आपल्या पायाचा नसतोच. ज्या साच्यावर चप्पल-बूट घडतो, त्या साच्याच्या लांबीचा असतो. बोटांपुढे किती जागा सोडायची, हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. आणि रुंदीबद्दल तर तो नंबर चकार शब्द काढत नाही!

आपले पाय रुंद असतात, ही काही वहिनींची एकटीची गोष्ट नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपीय पायांपेक्षा सरासरी रुंद असतात, असं त्यात दिसलं. त्यावरून भारतीयांसाठी वेगळे नंबर सुचवले गेले आणि त्या पद्धतीला ‘भा’ असं नाव मिळालं, भारतातला ‘भा’. म्हणजे बघा, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मापात आपण पाय कोंबत होतो आणि वर स्वतःलाच नावं ठेवत होतो.

‘वापरून वापरून सैल होईल’ या वाक्यावर तर माझा अजिबात विश्वास राहिला नाही. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. लग्नात घ्यायची म्हणून घेतलेली आवळती चप्पल त्यांनी दिवसभर घातली. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे करंगळीला फोड आला तो त्यांना कळलाच नाही. साधा फोड, पण जखम भरायला दोन महिने लागले. बाकीच्यांचंही काही वेगळं नाही. कुरुप, अंगठ्याच्या बुडाशी वाढलेलं हाड, दुखरी टाच हे सगळं आपण ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतो.

म्हणून एक करा. संध्याकाळी, पाय थोडे भरलेले असतात तेव्हा, कागदावर सरळ उभं राहून कुणाकडून तरी दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवून घ्या. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत आणि पंजाच्या रुंद भागात, अशी दोन मापं सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. मोठा पाय तोच आपलं माप. तो आकार कापून पर्समध्ये ठेवा आणि दुकानात बुटात घालून पाहा. कागद बाजूला दुमडला, तर पायही दुमडणारच! बंद बुटात बोटांपुढे सेंटीमीटरभर जागा हवी. ऑनलाइन मागवताना नंबर न बघता पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये दिली आहे का ते बघा, आणि परत करता येतं ना, तेही.

आणि दुकानदाराला बेधडक विचारा, "यातच रुंद माप आहे का?" दहाजणींनी विचारलं तर अकरावीसाठी तो मागवून ठेवेल. ब्लाऊज काखेत आवळला, तर आपण टेलरला परत करतो. ‘माझे दंडच तसे’ म्हणत नाही. मग चपलेच्याच बाबतीत एवढा समजूतदारपणा कशाला?

वहिनींना शेवटी चौथ्या दुकानात सात नंबर बसला. नंबर ऐकून त्या जरा बिचकल्या. मी म्हटलं, "वहिनी, नंबर आत लिहिलेला आहे, कुणाला दिसत नाही. लग्नात दिवसभर उभं राहायचंय, ते तुम्हाला!"