झाकली मूठ आणि उणे खाते

संध्याकाळचे साडेसात वाजले की पुण्याच्या पेठेतल्या त्या खानावळीत मुलांची गर्दी होते. त्या दिवशी बार्शी तालुक्यातून आलेला, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा गर्दीत दिसला नाही. आदल्या दिवशीही तो आला नव्हता. खानावळीच्या काकूंनी त्याच्या खोलीतल्या सोबत्याला विचारले, तर उत्तर आले, "त्याला भूक नाही म्हणे." काकू कित्येक वर्षे मुलांना जेवू घालत होत्या. वीस वर्षांच्या मुलाला दोन दिवस भूकच लागत नाही, यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

भूक होती. पैसे नव्हते. मोबाइलच्या पडद्यावर बँक खात्याची शिल्लक दिसत होती, उणे १,१४८ रुपये. खाते रिकामे होते हे त्याला माहीत होते, पण ते शून्याच्याही खाली उतरते हे त्याला नवीन होते. घरी सांगायची सोय नव्हती. गावाकडे पाऊस लांबलेला, वडील दुधावर घर चालवणारे. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत आठ दिवसांवर आली होती आणि खानावळीचे मागच्या महिन्याचे पैसे राहिले होते.

असा मुलगा उधळ्या असणार, असे कोणालाही वाटेल. या मुलाचा हिशेब मात्र वेगळेच सांगतो. वडील महिन्याला सात हजार रुपये पाठवत. तीन हजार खोलीतल्या कॉटचे भाडे, तीन हजार खानावळ आणि उरलेल्या हजारात बाकी सारे. पहिल्या वर्षी त्याने हप्त्यावर मोबाइल घेतला होता. महिना १,४५० रुपये. शनिवार-रविवार मंगल कार्यालयात वाढप्याचे काम करून तो हप्ता भरत असे. लग्नसराई संपली आणि ते काम थांबले.

हप्ता खात्यातून आपोआप कापला जाई, दर महिन्याच्या पाच तारखेला. वडिलांचे पैसे येत अकरा तारखेला, कारण दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. पाच तारखेला खात्यात २१२ रुपये होते. हप्ता परत गेला. बँकेने त्याबद्दल ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ५९० रुपये आकारले. आठ तारखेला कर्ज देणाऱ्या कंपनीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा ५९०. पुढच्या महिन्यात हेच दोनदा झाले. दोन महिन्यांत बँकेचाच आकार २,३६० रुपये झाला. कंपनीचा दंड वेगळाच, आणि हप्ते जागच्या जागी उभे. सारा घोटाळा होता सहा दिवसांचा. पैसे येण्याआधी जाण्याची तारीख येत होती, एवढेच.

त्याच्या खोलीतल्या सोबत्याचे दुखणे वेगळे होते. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या दारात मांडलेल्या टेबलावर त्याने एका खासगी बँकेत खाते उघडले होते. सरासरी मासिक शिल्लक दहा हजार ठेवायची, ही अट बारीक अक्षरांत होती. सरासरी म्हणजे काय, हे अनेक पदवीधरांनाही ठाऊक नसते. रोज दिवसअखेर खात्यात जी रक्कम असेल, तिची महिनाभराची बेरीज करायची आणि तिला दिवसांच्या संख्येने भागायचे. पहिले पाच दिवस पंधरा हजार आणि उरलेले पंचवीस दिवस पाचशे असतील, तर सरासरी तीन हजारांच्याही आत येते. मुलाला वाटते, पंधरा हजार ठेवले होते की! बँक म्हणते, सात हजार कमी पडले.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. घराची अब्रू राखायला ती ठीक असेल, पण बँकेच्या खात्याला लागू पडत नाही. इथे मूठ जितकी झाकावी, तितकी आतली रक्कम उण्याकडे सरकते. या मुलाने काय केले? बँकेचे संदेश उघडणे बंद केले. वडिलांच्या फोनला "लेक्चर चालू आहे" असे उत्तर द्यायला लागला. दोन मित्रांकडून पाचशे-पाचशे घेतले आणि त्यांना टाळू लागला. शेवटी रात्री अकरा वाजता मोबाइलवर एक जाहिरात उघडली. "पाच मिनिटांत पाच हजार, कागदपत्रे नकोत." हातात पडणार होते ३,८०० आणि सात दिवसांनी फेडायचे होते पूर्ण पाच हजार. त्याआधी फोनमधली सगळी नावे-नंबर पाहण्याची परवानगी मागितली होती. फक्त एक बटण दाबायचे बाकी होते.

तेवढ्यात दार वाजले. काकूंनी सोबत्याच्या हाती डबा पाठवला होता आणि निरोप दिला होता, "आधी जेव. मग खाली ये. हिशेब मागायला नाही बोलावत."

खाली गेल्यावर काकूंनी फार विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, "घरी फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर." फोनवर त्याला धड बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील एसटीने स्वारगेटला उतरले. मुलगा मान खाली घालून उभा होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील म्हणाले, "माझ्यावर सोसायटीचं पीककर्ज आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. दरसाल मार्चमध्ये सचिवापुढं जाऊन बसतो, नवं-जुनं करतो. देणं असणं ही लाज नव्हे बाळा, तोंड चुकवणं ही लाज. अकराशे रुपयांपायी तू उपाशी राहिलास?"

"अप्पा, तुमच्याकडं कुठून मागायचं होतं?"

"मागू नको. पण सांगायचं."

त्या दोघांनी पुढे जे केले, ते कोणत्याही गावातल्या, कोणत्याही बँकेतल्या विद्यार्थ्याला करता येण्यासारखे आहे. पुणे असो, इंदूर असो की बंगळुरू.

पहिले काम, तीन महिन्यांचा खातेउतारा काढून प्रत्येक वजावटीपुढे ती कशाची आहे ते पेन्सिलीने लिहिणे. भीती आकड्याची नसते, न समजलेल्या आकड्याची असते. उताऱ्यात त्या मुलाला आणखी एक गळती सापडली. गाण्यांच्या एका सेवेचे ११९ रुपये दरमहा जात होते. एक महिना फुकट म्हणून घेतलेली ती सेवा बंद करायची राहून गेली होती.

दुसरे, गळती थांबवणे. वडील-मुलगा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात गेले आणि हप्त्याची तारीख पाचऐवजी पंधरा करून मागितली. नवा आदेश भरून द्यावा लागला, पण काम झाले. थकलेले दोन हप्ते चार महिन्यांत विभागून घेतले, तेही कागदावर लिहून.

तिसरे, शाखेत जाऊन व्यवस्थापकांना लेखी अर्ज देणे. काउंटरवर तोंडी भांडून काही होत नाही. अर्जात खाते क्रमांक, वजावटींच्या तारखा आणि रकमा असाव्यात आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. त्या शाखेने चारपैकी दोन आकार परत केले. हे बँकेच्या मर्जीवर असते. काही गोष्टी मात्र मर्जीच्या नाहीत. किमान शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवून ती भरून काढायला एक महिना द्यावा, दंड जितकी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात असावा आणि केवळ या दंडामुळे बचत खाते उण्यात जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेला आहे. सोबत्याच्या अर्जात हे एक वाक्य पुरेसे ठरले. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

चौथे, खाते बदलणे. ज्याच्या खात्यात महिनाअखेर शंभर रुपये उरतात, त्याने दहा हजारांच्या अटीचे खाते ठेवूच नये. मूलभूत बचत ठेव खाते बँकांनी द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१२ पासून आहे. त्यात किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड मिळते आणि महिन्यातून निदान चार वेळा विनाशुल्क पैसे काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. भारतीय स्टेट बँकेने तर २०२० मध्ये सर्वच बचत खात्यांची किमान शिल्लकेची अट काढली आणि २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तोच मार्ग धरला. जुने खाते मात्र नुसते सोडून देऊ नये. अर्ज देऊन रीतसर बंद करावे.

याच ओघात एक गोष्ट तपासून घ्यावी. शिष्यवृत्तीचे पैसे आधार क्रमांकाला जोडलेल्या खात्यात येतात. विद्यार्थ्याची दोन-तीन खाती असली, तर ते ज्या खात्याची जोडणी चालू आहे तिथे जातात, मग अर्जात कोणतेही खाते लिहिलेले असो. कित्येक मुले शिष्यवृत्ती आलीच नाही म्हणून हळहळतात आणि ती गावाकडच्या एखाद्या विसरलेल्या खात्यात पडून असते.

पाचवे, फेडीचा क्रम. आधी परीक्षेचा अर्ज, कारण ती तारीख गेली तर वर्ष जाते. मग जेवण आणि छप्पर. त्यानंतर मित्रांचे पैसे आणि शेवटी बाकीचे. काकूंनी दोन महिन्यांची सवलत दिली. मुलाने आपण होऊन रविवारी खानावळीचा हिशेब लिहून द्यायचे कबूल केले.

आणि ते न दाबलेले बटण? रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे असे कर्ज नोंदणीकृत बँकेचे वा वित्तसंस्थेचेच असले पाहिजे, सर्व खर्च धरून व्याजाचा दर आधी लेखी कळवला पाहिजे आणि फोनमधली नावांची यादी पाहण्याची परवानगी अशा अॅपला नाही. ती मागितली, की समजावे, पाणी गढूळ आहे. कोणी धमकावू लागले तर १९३० या क्रमांकावर सायबर गुन्ह्याची तक्रार नोंदवता येते. आगीतून फुफाट्यात जाण्यापेक्षा आगीतून घरी जाणे बरे.

गरिबीत शिकणे महाराष्ट्राला नवे नाही. एके काळी पुण्यात वार लावून जेवणारी मुले होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या रिवाजाला जातीच्या मर्यादा होत्या. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि मुलांच्या शिक्षणाला श्रमाची जोड दिली. विद्यापीठांतल्या "कमवा आणि शिका" योजनेमागे तोच विचार आहे. त्या पिढ्यांकडे पैसा कमी होता, पण मुलगा अडचणीत आहे हे चार माणसांना ठाऊक असे. आजच्या मुलाची अडचण एका पडद्यामागे, संकेतशब्दाच्या कुलपात असते. शेजारी झोपणाऱ्यालाही ती दिसत नाही.

म्हणून पालकांनी फोनवर "अभ्यास कसा चाललाय?" याच्या जोडीला "खात्यात किती आहेत?" हेही विचारावे. आवाज चढवून नव्हे, "जेवलास का?" विचारावे तसे. घरची ओढाताणही मुलांपासून लपवू नये. आपल्या घरात पैसा कधी येतो आणि कधी जातो हे त्या मुलाला आधीच नीट ठाऊक असते, तर त्याने हप्त्याची तारीख पाच घेतलीच नसती.

चौथ्या महिन्यात त्याचे थकलेले हप्ते फिटले. त्या रात्री खात्यात ३१४ रुपये शिल्लक होते. त्याने पडद्याचे छायाचित्र वडिलांना पाठवले. थोड्या वेळाने उत्तर आले, "बरं झालं. जेवलास का?"