फोटोमागचे नाव

दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात पॅरिस शहरात छायाचित्रांचा एक मोठा मेळा भरतो. 'पॅरिस फोटो' हे त्याचे नाव. १९९७ साली तो सुरू झाला आणि २०११ मध्ये 'ग्रां पाले' या काचेच्या छताच्या भव्य इमारतीत आला. मधली काही वर्षे इमारतीचे काम चालू होते म्हणून मेळा दुसरीकडे भरला, आणि २०२४ साली परत तिथेच आला. आपल्याकडच्या उरुसात दुकानदार जागा भाड्याने घेऊन माल मांडतात, तशीच तिथली रीत आहे. फरक इतकाच, की तिथे दुकान म्हणजे गॅलरी आणि माल म्हणजे फोटो.

फोटो विकत कोण घेणार, असा प्रश्न वाचकांना पडेल. पण तिथे येणारी मंडळी फोटोकडे चित्रासारखे पाहतात. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी पाटी असते. फोटो कोणी काढला, कधी काढला, कागदावर कधी छापला, अशा किती प्रती निघाल्या, हे सारे त्यावर असते. ज्या काळात फोटो काढला त्याच काळात छापलेली प्रत असेल तर भाव चढतो. नंतर छापलेली असेल तर ती किती प्रतींपैकी कितवी आणि फोटोग्राफरची सही आहे की नाही, हे पाहिले जाते. एका भिंतीवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आधुनिक उस्ताद, तर शेजारच्या भिंतीवर आजचे हयात कलावंत, असा हा बाजार असतो.

या मेळ्यात मांडणी करणाऱ्यांत 'मान्यां-आ' नावाची पॅरिसचीच एक गॅलरी आहे. आंद्रे मान्यां यांनी ती २००९ साली काढली. आफ्रिकेतल्या कलावंतांचे काम हा तिचा विषय. तिने जगापुढे ठेवलेल्या तीन फोटोग्राफरांबद्दल आज आम्हाला लिहायचे आहे. तिघेही पश्चिम आफ्रिकेतले. त्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की आपल्या घरातल्या कपाटाकडे लक्ष जाते.

पहिले सेदू केइता. माली देशाची राजधानी बामाको हे त्यांचे गाव. तेव्हा तिथे फ्रेंचांचे राज्य होते. सेदू लहानपणी सुतारकाम शिकले. १९३५ साली काकांनी सेनेगलहून येताना एक साधा कोडॅक कॅमेरा आणला, तो या पोराच्या हाती पडला. १९४८ मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. गावातल्या तुरुंगासमोर जागा होती आणि रेल्वे स्टेशन फार लांब नव्हते, त्यामुळे परगावची गिऱ्हाइकेही येत.

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओत जसे सारे मिळायचे, तसे तिथेही मिळे. कोट-टाय, घड्याळ, पेन, रेडिओ, स्कूटर. बहुतेक फोटो उघड्यावर, दिवसाच्या उजेडात काढत. मागे पडदा म्हणून सुरुवातीला तर त्यांनी आपल्या पलंगावरची चादर टांगली होती. कागद-फिल्म महाग, म्हणून सहसा एका गिऱ्हाइकाचा एकच फोटो. त्या एका फोटोसाठी मान किती वळवायची, हात कुठे ठेवायचा, हे सगळे ते आधी नीट ठरवत. नक्षीदार कपड्यातली बाई नक्षीदार पडद्यासमोर बसलेली असते आणि तरी चेहरा हरवत नाही. आज जाणकार जिला आधुनिक कला म्हणतात, ती त्या अंगणात गिऱ्हाइकाला खूश करता करता घडत होती.

गिऱ्हाइके कोण होती? बामाकोतली साधी घरे. बहुसंख्य मुसलमान. सणासाठी नवे कपडे शिवले की फोटो. लग्न ठरले की फोटो. बाळ झाले की फोटो. धिप्पाड बाप तान्ह्या लेकराला हातांत धरून उभा आहे, चष्मेवाला तरुण हातात एक फूल घेऊन पाहतो आहे, हे त्यांचे फोटो आता जगभर ओळखले जातात.

१९६० साली माली स्वतंत्र झाला. पुढे केइता सरकारी फोटोग्राफर झाले आणि त्यांचा स्टुडिओ मिटला. हजारो निगेटिव्ह मात्र त्यांनी जपून ठेवल्या. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्यांचे काही फोटो लागले तेव्हा खाली लिहिले होते, फोटोग्राफर अज्ञात. मान्यां तो अज्ञात माणूस शोधायला बामाकोत गेले. तिथल्या मलिक सिदिबे या दुसऱ्या फोटोग्राफरने फोटो पाहताच सांगितले, हे तर केइतांचे काम! १९९४ साली पॅरिसमध्ये केइतांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. हातात मावणारे आपले फोटो भिंतीएवढे झालेले त्यांनी पाहिले. २००१ साली ते वारले आणि त्यानंतर निगेटिव्हांच्या मालकीवरून मोठा वाद झाला.

फोटोग्राफरचे नाव असे परत मिळाले. पण फोटोतल्या माणसांचे काय? मोजके अपवाद सोडले तर पाटीवर 'शीर्षक नाही' एवढेच असते. केइता गिऱ्हाइकाला दिलेल्या फोटोच्या पाठीवर आपला शिक्का मारत. त्यात त्यांचे नाव, पत्ता, समोर तुरुंग असल्याची खूण, सगळे होते. बसणाऱ्याचे नाव लिहायची गरज त्या दिवशी कोणालाच वाटली नसणार. ज्याचा फोटो, तो घरी घेऊन जाणार. घरात त्याला कोण ओळखत नाही?

इथेच आम्हाला थांबावेसे वाटते. ती बाई कुणाची तरी अम्मी असेल, तो तरुण कुणाचा मामू असेल. आज परदेशातल्या श्रीमंत दिवाणखान्यात तो चेहरा टांगलेला आहे. चेहरा लाखमोलाचा झाला आणि नाव गेले. यात एकट्या गॅलरीला दोष देऊन भागणार नाही. गॅलरीने चेहरे वाचवले, हेही खरे. पण नाव सांगणे हे घरच्यांचे काम असते, आणि घरात नाव सांगणारी शेवटची माणसे गेली की ते काम कोणालाच करता येत नाही.

दुसरे, वर आलेले मलिक सिदिबे. त्यांचा स्टुडिओ बामाकोच्या बागादाजी मोहल्ल्यात. कॅमेरे दुरुस्त करून देणे हाही त्यांचा धंदा. स्वातंत्र्याच्या सुमारास तरुण पोरांचे क्लब, नाच-गाणी, नदीकाठच्या सहली सुरू झाल्या होत्या. सिदिबे रात्री तिथे जाऊन फोटो काढत. परत येऊन ते फोटोंच्या छोट्या प्रती पुठ्ठ्याच्या फाइलवर चिकटवत, त्यांना नंबर देत, आणि वर तारीख व क्लबचे नाव लिहीत. पोरे येऊन नंबर सांगत आणि आपली प्रत घेऊन जात. हेतू फक्त धंद्याचा. पण त्या पुठ्ठ्यांमुळे आज त्यांच्या कितीतरी फोटोंचे साल, प्रसंग, ठिकाण सांगता येते. २००७ साली व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांना जन्मभराच्या कामासाठी सोनेरी सिंह हा सन्मान मिळाला. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

तिसरे ओमर व्हिक्टर दिऑप. सेनेगलचे, १९८० साली जन्मलेले, म्हणजे आजच्या पिढीतले. 'डायस्पोरा' नावाच्या मालिकेत ते स्वतःच सगळ्या भूमिका करतात. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बाहेर नेली गेलेली, परक्या देशात नाव कमावलेली माणसे त्यांनी निवडली. जुन्या चित्रांत त्या माणसांचा जसा पोशाख, तसा घालून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहतात. सोबत फुटबॉल, हातमोजे, शिट्टी असे काहीतरी असते. मैदानात ज्या आफ्रिकी खेळाडूला डोक्यावर घेतात, त्यालाच रंगावरून हिणवतातही, हे त्यातून सुचवायचे आहे.

या माणसांत सेनेगलचे अयुबा सुलेमान दियालो आहेत. गुलाम म्हणून अमेरिकेत नेले गेलेले हे हाफिज पुढे लंडनला पोहोचले, आणि तिथे त्यांनी संपूर्ण कुराण आठवणीतून लिहून काढले. आणि याच मालिकेत एक नाव आपल्या अगदी जवळचे आहे, मलिक अंबर! इथियोपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला मुलगा. जन्मनाव चापू असल्याचे इतिहासकार सांगतात, अंबर हे नाव बगदादच्या व्यापाऱ्याने दिलेले. पुढे तोच अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा झाला. त्याने खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. शहराला पाणी देणारी नहर बांधली. १६२६ साली त्याचा इंतकाल झाला. खुलदाबादला त्याची कबर आहे. दिऑप यांच्या फोटोखाली मात्र 'शीर्षक नाही' असे लिहिलेले नसते. बहुतेकांचे नाव असते. चारशे वर्षांपूर्वीच्या गुलामाला आज नावाने उभे करता येते, कारण त्याचे नाव कोणीतरी लिहून ठेवले होते.

आता आपल्या घराकडे या. आपल्यातल्या अनेक घरांत भिंतीवर फोटो लावत नाहीत, पण कपाटातल्या पिशवीत, जुन्या बिस्किटांच्या डब्यात ते असतातच. दादीचा एकमेव फोटो, तोही हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. कोकणातल्या घरांत कुवेतहून, केपटाऊनहून पाठवलेले स्टुडिओतले फोटो. निकाहच्या वेळी ओटीवर बसलेल्या पंचवीस जणांचा ग्रुप फोटो, ज्यातले सात-आठ जणच आता ओळखू येतात. ते ओळखणारी एखादी खाला किंवा चाचा अजून आहेत. पुढच्या वर्षी असतील की नाही, हे अल्लाहलाच ठाऊक.

तेव्हा येत्या सुट्टीत एक दुपार यासाठी काढा. डबा उघडा, वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि विचारत जा. जुन्या साध्या कागदाच्या फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, त्यासाठी आधी पाकिटावर लिहावे आणि मग फोटो त्यात ठेवावा. चिकटपट्टी लावू नये. नाव, नाते, गाव, साल, प्रसंग, एवढे पुरे. साल आठवत नसेल तर 'रुखसानाच्या जन्माआधी' असे लिहिले तरी चालेल. बायकांची नावे 'अमुकची बायको' अशी लिहू नका, त्यांचे स्वतःचे नाव लिहा. मोबाइलमधल्या हजारो फोटोंनाही हेच लागू आहे. त्यांतले निवडक पन्नास छापून घ्या.

आपल्या घरातले फोटो पॅरिसच्या मेळ्यात जातील की नाही, हा प्रश्नच नाही. आपल्या नातवंडांच्या हाती ते जाणार आहेत. पाठ कोरी असेल, तर त्या मुलांसाठीही ती माणसे अनोळखीच राहतील.