वरचा कप्पा

आमच्या आजीचा एक सिंपल फंडा होता. जे गेलं तर चालणार नाही, ते वर ठेवायचं. खालच्या कप्प्यात कांदे-बटाटे, रद्दी, रिकामे डबे. दागिने, पासबुकं, कागदपत्रं मात्र माळ्यावरच्या ट्रंकेत. बाबांनी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तिथेही हेच! आम्ही नातवंडं तिची जाम खेचायचो.

कारण होतं 12 जुलै 1961. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचंही टिकलं नाही आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये घुसलं. आजी तेव्हा 22 वर्षांची. नारायण पेठेतल्या वाड्यात तळमजल्याच्या दोन खोल्या, पदरात चार महिन्यांचे बाबा. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं घेऊन ती निघाली. परत आली तेव्हा घरात नुसता चिखल. खाटेखालच्या पेटीत तिचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. बाळ जरा मोठं झालं की शाळेत नोकरी धरायचा तिचा विचार होता. पुढे पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरात संसार पुन्हा मांडला. सर्टिफिकेटची दुसरी प्रत काढायची राहूनच गेली. नोकरीचंही तसंच.

2024 च्या जुलैमध्ये मी सिंहगड रोडला मैत्रिणींबरोबर राहत होते. एका रात्री आजीचा फोन. ‘‘ऐक गं, पाऊस थांबत नाहीये. धरणातून पाणी सोडतील. गाडी उंचावर लाव.’’ मी ‘हो आजी’ म्हटलं आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. डेडलाइन होती ना! 25 जुलैला पहाटे एकतानगरी परिसरातल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. माझी स्कूटी हँडलपर्यंत बुडाली. दुपारी ओशाळून तिला फोन केला. ती एवढंच म्हणाली, ‘‘तू वर आहेस ना? मग झालं.’’

तेव्हाच ठरवलं, आजीची पुराची गोष्ट नीट रेकॉर्ड करायची. लोकांच्या मुलाखती घेऊन पोट भरणारी मी, घरची मुलाखत मात्र ‘नेक्स्ट विकेंड’वर ढकलत राहिले. एकदा बसलेसुद्धा मोबाइल घेऊन. 40 सेकंदांत ती म्हणाली, ‘‘थांब, आधी चहा टाकते.’’ चहा झाला, मग कुणीतरी आलं, मग मला निघायचं होतं.

2025 च्या जानेवारीत आजी गेली. झोपेतच, कुणाला काही त्रास न देता.

दिवसकार्य आटोपल्यावर बाबांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. दागिने नावालाच होते. बाकी सगळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली सर्टिफिकेटं. बाबांची, आत्याची, तिच्या मुलांची. माझ्या मास कॉमच्या डिग्रीची झेरॉक्स तर चक्क लॅमिनेट केलेली. मी कधी दिली होती, आठवतही नाही. तिचं स्वतःचं त्यात एकही नव्हतं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सगळं होतं तसं पिशव्यांत घातलं, ट्रंक बंद केली आणि पुन्हा माळ्यावर चढवली. या वेळी कुणीच हसलं नाही.

ती 40 सेकंदं माझ्याकडे आहेत. त्यात पूर नाहीच. पातेल्याचा आवाज आहे आणि आजी विचारतेय, ‘‘साखर किती घालू गं?’’