विजेची लुना नेमकी कोणासाठी?

१९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना रस्त्यावर आणली, तेव्हा ती कोणासाठी आहे हे सांगावे लागले नाही. सायकलचा कंटाळा आलेला, पण स्कूटरचा खर्च न झेपणारा कारकून, शिक्षक, दूधवाला यांची ती गाडी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये फिरोदिया घराण्यातल्याच कायनेटिक ग्रीनने लुना पुन्हा आणली, यावेळी विजेवर चालणारी. किंमत सुमारे ७० हजार रुपये. अशा हलक्या, स्वस्त विजेच्या दुचाक्या आता अनेक कंपन्या विकतात. पण ‘ही गाडी कोणासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर या खेपेला तितके सरळ नाही.

आधी हिशेब मांडू. लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलच्या भावाने किलोमीटरमागे दोन रुपये पडतात. दोन युनिट विजेवर, ओझे घेऊन, विजेची गाडी ७० किलोमीटर गेली आणि युनिटला दहा रुपये धरले, तरी खर्च तीस पैशांच्या आसपास येतो. घरापासून कचेरीपर्यंत जाऊन-येऊन दहा किलोमीटर जाणाऱ्याचे यात वर्षाला जेमतेम पाच हजार रुपये वाचतील. दिवसाला पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याचे मात्र पंचवीस हजार वाचतील, म्हणजे तीन वर्षांत गाडीची किंमत वसूल! शिवाय बॅटरी वापरली नाही तरी काळाबरोबर म्हातारी होतेच. तेव्हा कमी फिरणाऱ्याने केवळ बचतीसाठी ती घेण्यात फारसा अर्थ नाही. ती खरी उपयोगाची आहे घरोघर दूध, वर्तमानपत्रे, गॅसची शेगडी दुरुस्तीची अवजारे किंवा पार्सले घेऊन ठरावीक भागात दिवसभर फिरणाऱ्यांना.

खरी मेख पुढेच आहे. ही गाडी रात्री घरी चार्ज करावी लागते. बंगलेवाल्याला, वाड्यात तळमजल्यावर राहणाऱ्याला किंवा गावात अंगण असलेल्याला त्याची अडचण नाही. पण पार्सले पोचवणारा मुलगा बहुधा चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्या गाडीला रस्त्यावर जागा मिळाली तरी नशीब, मग विजेचा सॉकेट कुठला? सोसायटीत भाडेकरूने चार्जिंगची जागा मागितली, तर ‘बिल कोण भरणार?’ यावरच सभा संपते. ज्याला सर्वांत अधिक फायदा, त्यालाच सर्वांत मोठी अडचण, असे हे कोडे आहे.

सरकारी मदतीने ते सुटलेले नाही. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवर केवळ पाच टक्के जीएसटी आहे. ‘फेम’ योजनेतून दुचाकीच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत अनुदानही मिळत असे. जून २०२३ मध्ये ती मर्यादा पंधरा टक्क्यांवर आली. हा सगळा पैसा गाडी स्वस्त करण्यात गेला. चाळीच्या तळाशी, बाजारपेठेत, भाजीमंडईबाहेर साधा, मीटर लावलेला सॉकेट देण्याला खर्च त्या मानाने किरकोळ, पण महापालिका आणि सोसायट्यांनी तो मनावर घेतला पाहिजे.

आता घरातल्या मंडळींविषयी. मोटर २५० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोच्या आत असेल, तर त्या गाडीला कायद्याने मोटार वाहन मानत नाहीत. साहजिकच लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. मंदिर, बँक, भाजी एवढीच फेरी असणाऱ्या आजोबांना ती सोयीची आहे. पण लायसन्स नको म्हणून आठवीतल्या मुलाच्या हाती ती देऊन त्याला हमरस्त्यावर पाठवणे धोक्याचे. मागून येणारा ट्रक त्याच्या गाडीचा वर्ग पाहत नाही, आणि हेल्मेट डोक्याला लागते, कायद्याला नव्हे.

२०२२ मध्ये विजेच्या स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या आणि त्यानंतर बॅटरीचे निकष कडक झाले. तरीही जिन्याखाली, घराचा एकमेव दरवाजा अडवून गाडी चार्ज करू नये.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत: रोज किती फिरतो, रात्री गाडी कुठे लावतो आणि वाटेत घाट किंवा महामार्ग आहे का? पहिल्याचे उत्तर ‘पुष्कळ’, दुसऱ्याचे ‘सॉकेटजवळ’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर ही गाडी तुमचीच. आपल्या सोसायटीच्या दारात रोज येणाऱ्या दूधवाल्याचे दुसरे उत्तर तसे यावे, यासाठी मात्र थोडे आपल्यालाच करावे लागेल.