घरचा लॅपटॉप : नवा घ्यावा की जुनाच सुधारावा?

गेल्या वर्षीच्या श्रावणात धाकट्या बहिणीचा सांगलीहून फोन आला. तिची मुलगी वास्तुशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मुलगा बारावीत. घरात लॅपटॉप एकच. दिवसा त्यावर मुलगी इमारतींचे आराखडे काढते, रात्री मुलगा खेळ खेळतो. "दादा, लॅपटॉप अगदीच मंद झाला आहे रे. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. एक लाख तीस हजारांचा दाखवला आहे. ह्यांनी दिवाळीच्या मालासाठी बाजूला ठेवलेले पैसे काढायचे ठरवले आहे. काय करू?" मेहुण्यांचे कापडाचे दुकान आहे. दिवाळीच्या मालाचे पैसे काढणे म्हणजे काय, हे व्यापारी कुटुंबांतील वाचकांना सांगायला नको. मी म्हटले, "आठ दिवस थांब. मी येऊन पाहतो."

लॅपटॉप पाच वर्षांपूर्वीचा होता. इंटेलचा दहाव्या पिढीतील आय-५ प्रोसेसर, ४ जीबी स्मृती असलेले जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, २५६ जीबीची एसएसडी आणि सोबत जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. त्या काळात खेळांसाठी म्हणून विकले जाणारे बहुतेक लॅपटॉप असेच असत. भाचीला मी म्हटले, "तू रोज जसे काम करतेस तसे कर, मी नुसता बघतो." तिने रेव्हिट उघडले, ब्राउझरच्या दहाबारा खिडक्या उघडल्या, आणि मी टास्क मॅनेजरमधील आलेख पाहू लागलो. रॅम पंचाण्णव टक्के भरलेली, डिस्क शंभर टक्के व्यग्र, आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ निवांत. ज्या भागासाठी नवे यंत्र घ्यायचे म्हणत होते, तो भाग थकलेलाच नव्हता. रॅम भरली की संगणक उरलेली माहिती डिस्कवर ठेवतो आणि पुन्हा तिथून उचलतो. एसएसडीही काठोकाठ भरली होती, त्यामुळे हे ये-जा करणेसुद्धा रडतखडत चालले होते.

नवा लॅपटॉप घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी हे पाहावे, असे मला आग्रहाने वाटते. त्यासाठी तंत्रज्ञ लागत नाही. त्याच टास्क मॅनेजरमध्ये रॅमच्या किती खाचा आहेत आणि त्यांपैकी किती भरल्या आहेत, हेही लिहिलेले असते. इथे दोनपैकी एक खाच रिकामी होती. आणखी एक पट्टी बसवली की रॅम तर वाढतेच, शिवाय प्रोसेसर दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण करू शकतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मात्र लॅपटॉपमध्ये मुख्य फलकावरच डाख देऊन बसवलेले असतात. ते बदलता येत नाहीत, आणि दुकानदार कितीही गोड बोलला तरी हे सत्य बदलत नाही.

एक १६ जीबीची डीडीआर-४ पट्टी आणि एक १ टीबीची एसएसडी असे ठरले. दोन्ही वस्तू दहा हजारांच्या आत मिळाल्या. (हा त्या वेळचा भाव. वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांसाठी स्मृतीची मागणी वाढली आणि भाव फार चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांना विकली जाणारी आपली 'क्रूशल' ही मालिका बंद करत असल्याचेच जाहीर केले. तेव्हा जुने आकडे मनात धरून आज दुकानात जाऊ नये.)

आता माझ्या चुकीविषयी. सुटे भाग बसवण्यासाठी आम्ही गावातल्या एका दुकानात गेलो. तिथला तरुण कामाला हुशार होता. जाता जाता म्हणाला, "काका, बायॉस जुना आहे, तोही अद्ययावत करून देतो." मी मान डोलावली. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो निळा पडदा घेऊनच, आणि त्याने अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागितली. विंडोज ११ मध्ये डिस्कवरील माहिती बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायॉस बदलला की यंत्राला आपली ओळख बदलल्यासारखे वाटते आणि ते किल्ली मागते. भाचीचा तीन वर्षांचा सगळा पोर्टफोलिओ, पुढच्या आठवड्यात सादर करायचे आराखडे, सारे त्या कुलपाआड होते. आधी सर्व फायलींची प्रत काढायला हवी होती. ते मला ठाऊक होते, आणि मीच "उद्या काढू" म्हणून टाळले होते.

किल्ली ज्या खात्याने संगणक सुरू केला जातो त्या खात्यात जतन होते. ते खाते भाच्याचे निघाले. त्याने ते वडिलांच्या जुन्या मोबाइल क्रमांकावर काढले होते, आणि तो क्रमांक बंद होऊन वर्ष झाले होते. त्या रात्री कुणालाच झोप आली नाही. भाची काही बोलली नाही, तेच मला जास्त लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याला आठवले की खात्याला एक दुसरा ईमेलही जोडला होता. त्या वाटेने खाते उघडले, अंक मिळाले आणि पडदा पुढे सरकला. पोरगा म्हणाला, "मामा, आता तरी मला खेळू नको म्हणू नका." त्या दिवशी कुणी म्हटले नाही.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे विंडोज ११ असेल त्यांनी ही किल्ली आजच शोधावी, कागदावर उतरवून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी, आणि दुरुस्तीला देण्यापूर्वी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

पुढचे काम सरळ झाले. पंख्यांत पाच वर्षांची धूळ घट्ट बसली होती. ती काढून उष्णतावाहक पेस्ट नवी लावली. पूर्वी काम सुरू होताच प्रोसेसरचे तापमान पंचाण्णव अंशांवर जाई आणि तो स्वतःच वेग कमी करी. आता ते ऐंशीच्या आसपास राहते. मुलगा लॅपटॉप गादीवर ठेवून खेळत असे, तेही बंद केले, कारण खालची हवा घेण्याची जाळीच झाकली जात होती. रेव्हिट आता अडखळत नाही. मोठ्या दृश्यांचे रेंडरिंग मात्र अजून ४ जीबीच्या ग्राफिक्स स्मृतीत अडकते, आणि त्यावर उपाय नाही. पाचव्या वर्षाच्या प्रबंधाच्या वेळी नवे यंत्र घ्यावेच लागेल. परंतु ते दिवाळीच्या मालाचे पैसे मोडून नव्हे.

तेव्हा काय पाहायचे, याचीही भाचीशी बोलणी झाली. एकाच नावाचे ग्राफिक्स कार्ड दोन लॅपटॉपांत सारखे काम करीलच असे नाही. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपमधील कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही शक्तीवर चालवण्याची मुभा उत्पादकाला आहे. पातळ, देखण्या लॅपटॉपात ते कमी वॅटवर बसवलेले असते. म्हणून दुकानात फक्त कार्डाचे नाव न विचारता वॅट विचारावेत आणि माहितीपत्रकात पडताळावेत. ४०५० मध्ये ६ जीबी आणि ४०६० मध्ये ८ जीबी ग्राफिक्स स्मृती असते. वास्तुशास्त्राच्या कामाला हा फरक खेळांपेक्षा अधिक जाणवतो. प्रोसेसरच्या नावाशेवटचे अक्षरही पाहावे. एच हे अक्षर असलेला आय-५, यू हे अक्षर असलेल्या आय-७ पेक्षा दीर्घ कामात बहुधा पुढे असतो, तरी घरोघरी 'आय-७ आहे' एवढेच अभिमानाने सांगितले जाते. रॅम फलकावरच जोडलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही, तेव्हा ती खाचांत बसणारी आहे ना, हे विचारावे. खेळणारी मुले पडद्याचे हर्ट्झ विचारतात. रंगांचे काम करणाऱ्याने मात्र तो पडदा एसआरजीबी रंगांचा शंभर टक्के भाग दाखवतो का, ते विचारावे. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिले असेल तर रंग फिके दिसणार हे समजावे.

एक प्रश्न मेहुण्यांनी विचारला. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, तर दुकानाच्या नावावर बिल घेऊन तो परत मिळवावा का? वस्तू दुकानाच्या कामाला लागणार असेल तर जरूर. मुलांच्या अभ्यासासाठी आणि खेळासाठी असेल तर कायदा ती सवलत देत नाही, आणि मी त्यांना तसेच सांगितले. ते हसले. "मग घरच्याच नावाने घेऊ," म्हणाले.

माल दिवाळीला वेळेवर आला. भाचीने आराखडे सादर केले. फक्त भाच्याची एक तक्रार राहिली आहे. त्याचा एक नवा खेळ म्हणे आमच्या जुन्या कार्डावर चालत नाही. मी त्याला म्हटले, "बारावीचा निकाल लागू दे, मग वॅट बघू."