दुसरे ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी वीज आणि हवा पाहा

थ्रीडी अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ रेंडरिंग किंवा घरीच एआय मॉडेल चालवण्यासाठी एका संगणकात दोन ग्राफिक्स कार्ड बसवण्याकडे तरुणांचा ओढा आहे. पण पुण्यातल्या एसी खोलीत जमणारी गोष्ट मे महिन्यातल्या मुकुटबनमध्ये जमेलच असे नाही.

वीज किती लागते?

‘आरटीएक्स ३०९०’ हे कार्ड ३५० वॅटचे. दोन कार्डांचे ७०० वॅट. प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखे धरून एकूण सुमारे १००० वॅट. ही कार्डे क्षणभर याहून बरीच जास्त वीज खेचतात. त्यामुळे १००० वॅटचा एसएमपीएस भर कामात बंद पडू शकतो. चांगल्या कंपनीचा १३०० ते १६०० वॅटचा घ्यावा. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटऐवजी १६ अँपिअरचा सॉकेट आणि पक्के अर्थिंग हवे. घरगुती इन्व्हर्टरवर हा भार टाकू नये.

बिलाचे काय?

रोज आठ तास काम म्हणजे आठ युनिट, महिन्याला २४०. घरचा वापर मिळवला की ३०० युनिटची पायरी सहज ओलांडते आणि पुढचे युनिट महाग पडते.

थंड कसे ठेवायचे?

खाल्लेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच राहते. म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यात खोलीत १००० वॅटचा हीटर! खोली २५ ऐवजी ४० अंशांवर गेली, तर कार्डही साधारण तितकेच अधिक तापते. मग ते स्वतःचा वेग कमी करते. कार्डे चिकटून बसवली, तर एकाची गरम हवा दुसरे ओढते. मध्ये मोकळी जागा ठेवा. कूलरचा ओलावा थेट मशीनवर नको. कोळसा आणि सिमेंटच्या या पट्ट्यात धूळही मोठी. जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करा.

मग करायचे काय?

गेमिंगसाठी दुसरे कार्ड घेऊच नये. आजच्या बहुतेक गेमना त्याचा उपयोग नाही. इतर कामांसाठीही जास्त मेमरीचे एकच कार्ड परवडते. दोन हवीतच, तर सॉफ्टवेअरमधून प्रत्येकाची मर्यादा ३५० वरून २८० वॅटवर आणा. वेग थोडाच घटतो, उष्णता बरीच. खर्चाचा क्रमही ठरवून घ्या: आधी वायरिंग, मग एसएमपीएस आणि हवेशीर कॅबिनेट, शेवटी दुसरे कार्ड.