नोंद झाली, उपचार केव्हा?

दुर्गम पाड्यावर डॉक्टर पोहोचत नसेल तर त्याला पडद्यावरून पोहोचवावे, ही कल्पना कुणालाही पटण्याजोगी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र शासनाने ‘ई-संजीवनी’ सुरू केली. आरोग्यकेंद्रातील कर्मचारी रुग्णाला समोर बसवतो आणि दूरचा डॉक्टर पडद्यावरून सल्ला देतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर लागू झाले आणि प्रत्येकासाठी चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आला. या सोयींना आमचा विरोध नाही. खरजेच्या मलमासाठी एखाद्या आदिवासी मातेची तालुक्याची खेप वाचत असेल, तर सोय हवीच. आमचा आक्षेप आहे तो सोयीला सेवेच्या जागी बसवण्याला.

पडदा बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवीत नाही. सर्पदंश झालेल्याला इंजेक्शन टोचीत नाही. त्यासाठी माणूस लागतो, औषध लागते, पावसाळ्यात न तुटणारा रस्ता लागतो. ‘डॉक्टर पडद्यावर आहे’ असे म्हणून रिकाम्या खुर्चीचे समर्थन होऊ लागले, की यंत्र हे साधन न राहता सबब बनते.

दुसरा प्रश्न भाषेचा. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. भामरागडची माडिया द्रविड कुळातील. तेथील वृद्धेला प्रमाण मराठीही परकीच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी एकीत मिळण्याची तरतूद केली. त्या यादीत कोरकू नाही, गोंडी नाही, वारलीही नाही. जी सूचना कळतच नाही, तिच्यावर दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय?

आणि नोंदीचा हट्ट कोठवर जातो पाहा. ‘पोषण ट्रॅकर’ आला तेव्हा इंग्रजीतील नोंदी आणि निकृष्ट फोन यांना कंटाळून महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ साली शासनाचे फोन शासनाला परत केले. पुढे १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या पोषण आहारासाठी लाभार्थीचा चेहरा फोनवर जुळणे बंधनकारक झाले. म्हणजे बाळ सेविकेच्या डोळ्यांदेखत वाढलेले, आई तिच्या रोजच्या ओळखीची; तरी यंत्राने ओळखले नाही, तर शिधा अडायचा! गैरव्यवहार रोखण्यासाठी हे आवश्यक आहे, असे सांगितले जाते. परंतु गैरव्यवहार करणाऱ्याची शिक्षा भुकेल्याला देण्याचा अधिकार कुणाला आहे?

पर्याय नाही, असे कुणी म्हणू नये. तो महाराष्ट्राने जगाला दाखवला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळे तपासली, वजने घेतली, जंतुसंसर्गावर इंजेक्शने दिली. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या यशात पडदा नव्हता. विश्वासाची, आपल्या बोलीत बोलणारी बाई होती. अशा बाईच्या हाती फोन द्या, आम्ही स्वागतच करू. मात्र बाई आधी, फोन नंतर.

आमच्या अनेक वाचकांची घरे आज ज्या पालघर जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा आहेत. १९९२ साली, हा भाग ठाणे जिल्ह्यात असताना, जव्हारच्या वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्या बालकांना क्रमांक नव्हता म्हणून ती गेली नाहीत. अन्न आणि औषध वेळेवर पोहोचले नाही म्हणून गेली. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पाड्यावर बोली जाणणारी, पुरेसे वेतन मिळणारी आरोग्यसेविका असावी. यंत्र बंद पडले तरी कागदावरच्या नोंदीने शिधा व औषध मिळावे. संमती रुग्णाच्या बोलीत, तोंडी समजावून घ्यावी. हे होईपर्यंत, किती क्रमांक वाटले याचा हिशेब आम्हांस कुणी सांगू नये. किती बाळे जगली, ते सांगावे.